भूकंपाची तयारी झोपायच्या जागेपासून

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा येऊन झोपलेले. आपल्या राज्यातल्या या दोन्ही मोठ्या धक्क्यांनी माणसाला अंथरुणात गाठलं. म्हणून घरातल्या तयारीचं कुणी विचारलं की दार, जिना, पिशवी या सगळ्यांच्या आधी मी एकच विचारतो: रात्री घरातल्या प्रत्येकाचं डोकं कुठं असतं आणि त्याच्या वर काय आहे?

मी कोल्हापुरात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेस, कधी करवीर आणि पन्हाळ्याकडची खेडी. कौलं चाळायची, वाळवी लागलेला खांब बदलायचा, फुगलेली भिंत उतरवून पुन्हा बांधायची. त्यामुळं लोकांच्या सोप्यात, माजघरात, माळ्यावर माझं रोजचं जाणं-येणं. माळ्यावर तांब्याचा बंब, पितळी घागरी, परात, जुना पाटा-वरवंटा, लग्नातली भांडी भरलेली लोखंडी ट्रंक, आणि या सगळ्याच्या बरोब्बर खाली आजीची कॉट. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता कामाचं बोलणं सुरू व्हायच्या आधी ती कॉट सरकवायला सांगतो.

पुरासाठी वर गेलेलं सामान

हे सामान वर का गेलं त्याला कारण आहे. आपण पुराला सरावलोय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. आकडा बघत बघत आपण सामान हलवतो. २००५ चा पूर, मग २०१९, मग २०२१. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत पाणी शिरलेल्या कित्येक घरांनी माळे वाढवून घेतले, भिंतीला वरच्या वर फळ्या ठोकल्या. जे जड आणि किमती ते वर चढलं आणि पाणी ओसरल्यावर तिथंच राहिलं. पुरासाठी केलेली ही सोय भूकंपात उलटते, कारण भूकंपाला इशारा पातळी नसते.

दोन्ही संकटांना पुरेल असा नियम मी लोकांना देतो. जड आहे आणि पाण्यानं नासत नाही, ते जमिनीलगत: बंब, घागरी, पाटा-वरवंटा, लोखंडी पहार. हलकं आहे आणि पाण्यानं नासतं, ते वर: कागदपत्रं, गोधड्या, पैठणीची पिशवी, पोरांची दप्तरं. राहता राहिली जड आणि नासणारी वस्तू, म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी, शिलाई मशीन, धान्याची पोती. ती जून ते सप्टेंबर कंबरेच्या उंचीच्या भक्कम ओट्यावर दोरीनं बांधून ठेवा आणि दसऱ्याच्या साफसफाईला पुन्हा खाली घ्या. घट बसायच्या आधी घर झाडून घ्यायची आपल्याकडं पद्धत आहेच, त्यात हे काम बसून जातं.

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरला भूकंप कुठला? कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. वारणेचं चांदोली धरण त्याहून जवळ, शाहूवाडी तालुक्याच्या शिवेला. १९९३-९४ पासून त्या बाजूलाही पाच रिश्टरच्या आसपासचे धक्के नोंदले गेलेत. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या विभागात येतो आणि कोल्हापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या. पण मी नकाशावर फार विसंबत नाही. १९९३ ला किल्लारी त्या वेळच्या नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या विभागात होती आणि तिथं जवळजवळ दहा हजार माणसं गेली.

आज रात्री उताणं पडा आणि वर बघा

कामाला सुरुवात इथून करा. घरातला प्रत्येक जण आपापल्या अंथरुणावर उताणा पडेल आणि वर, डोक्याकडं, बाजूला काय आहे ते मोठ्यानं सांगेल. लहान पोरं हे फार मन लावून करतात आणि मोठ्यांना सवयीनं न दिसणाऱ्या गोष्टी तीच दाखवतात. उशाशी टांगलेला काचेच्या फ्रेमचा थोरल्यांचा फोटो, भिंतीवरचं घड्याळ, कुंडी ठेवलेली खिडकीची फळी, पायाशी उभं असलेलं लोखंडी कपाट.

फोटो समोरच्या भिंतीवर न्या. काचेची खिडकी उशाला असेल तर उशाची बाजू बदला. तेही जमत नसेल तर रात्री जाड पडदा ओढून झोपा, म्हणजे फुटलेली काच पडद्यात अडते. कपाटाचं गणित सोपं आहे: सहा फुटांचं कपाट पडलं तर सहा फूट पुढं येतं. तेवढं अंतर नसेल तर कपाट भिंतीला बांधायलाच हवं.

बांधायचं कसं, ते नीट सांगतो, कारण बहुतेक घरांत हे चुकीचं होतं. विटा-सिमेंटच्या भिंतीत ड्रिल मारताना छिद्र विटेत पडलं पाहिजे, दोन विटांमधल्या सांध्यात पडून उपयोग नाही. गिलावाच अर्धा-पाऊण इंच असतो, म्हणून स्क्रू निदान अडीच इंची घ्या आणि आत प्लास्टिकची गिट्टी बसवा. ड्रिलमधनं लाल भुकटी आली तर वीट लागली समजा. नुसती करडी भुकटी येत राहिली तर जागा बदला. कपाटाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना एल आकाराच्या पट्ट्या, एक बाजू कपाटाला नट-बोल्टनं, दुसरी भिंतीला. काम झालं की कपाटाला वरून धरून आपल्याकडं ओढून बघा.

पेठेतल्या जुन्या घरांत भिंत मातीच्या भेंड्यांची किंवा दगड-मातीची असते. तिच्यात स्क्रू धरत नाही. आज घट्ट वाटतो, हिसका बसला की मूठभर मातीसकट बाहेर येतो. अशा घरात भिंतीचा नाद सोडा आणि लाकडाला धरा. खांबाला किंवा तुळईला आरपार बोल्ट मारून हूक बसवा, त्याला तारेच्या दोरानं कपाट आवळा. खांब जवळ नसेल तर कपाट खांबाशी न्या. उघड्या मांडणीला पुढून दोन बोटं उंचीची लाकडी पट्टी ठोका, म्हणजे डबे सरकून खाली येत नाहीत. माळ्याच्या तोंडालाही अशीच आडवी पट्टी हवी.

खांबांचा विषय निघालाच आहे तर एक तपासणी घरच्या घरी करा. खांबाचं बूड, म्हणजे जोत्याच्या दगडावर तो टेकतो तिथली वीतभर उंची, हातोडीच्या मागच्या बाजूनं हळूहळू ठोकत जा. चांगलं सागवान खणखणीत वाजतं. आवाज बसका, पोकळ आला किंवा पेचकस अर्धा इंच सहज आत शिरला, तर आतून वाळवीनं खाल्लेलं आहे. बाहेरचा रंग शाबूत असतो, त्यामुळं डोळ्यांना कळत नाही. जुन्या वाड्यात छप्पर या खांबांवरच तोललेलं असतं आणि हिसक्यात खांबाचं बूड सरकलं की वरचा सगळा खण, म्हणजे खांबांमधला छपराचा भाग, खाली येतो. आणखी काही करता आलं नाही तरी अशा खणाखालून अंथरूण त्याच दिवशी हलवा.

गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीसकट साधारण तीस किलो भरतो. तो कोपऱ्यात उभा करून साखळीनं भिंतीला अडकवा. रोज रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. देवघरात समई, निरांजन रात्रभर तेवत ठेवायचं असेल तर ते खोलगट ताटात, पडद्यापासून लांब ठेवा. नंदादीप असेल तर काचेच्या हंडीत, खाली पाण्याची परात ठेवून.

अंथरुणाशी काय हवं? जाड तळाच्या चपला किंवा बूट, टॉर्च, शिट्टी, चष्मा आणि रोजच्या गोळ्यांची एक पट्टी. हे सगळं कापडी पिशवीत घालून पिशवी कॉटच्या पायाला बांधा. नुसती खाली ठेवली तर हादऱ्यानं ती सरकून कुठं जाईल ते अंधारात सापडत नाही. भूकंपात पायाला काचा लागून जखमी होणारे लोक फार असतात, आणि ज्याच्या पायात काच शिरली तो दुसऱ्याला उचलूही शकत नाही. बाकीची पिशवी, म्हणजे पाणी, बिस्किटं, कागदपत्रांच्या झेरॉक्स, पैसे, बाळाचं दूध, ही तुम्ही पुरासाठी भरतच असाल. तीच बारा महिने भरलेली ठेवा, दाराजवळ.

हादरा सुरू झाल्यावर

माझी आत्या पाटण तालुक्यात दिलेली. १९६७ च्या त्या पहाटेबद्दल ती सांगायची, "आधी जमिनीतनं गुरगुर आली. मग मांडणीवरची भांडी वाजाय लागली. आणि मग भिंतच पुढं आली." मार्गशीर्षातल्या थंडीत सगळं गाव कित्येक रात्री उघड्यावर झोपलं, कारण धक्के थांबतच नव्हते.

तिनं सांगितलेल्या क्रमाला कारण आहे. भूकंपाच्या लाटा दोन जातीच्या. पहिली वेगानं येते, सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास. ती भांडी वाजवते, कुत्री उठवते, पण फारशी पडझड करत नाही. दुसरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते आणि आडवा हिसका तिचा असतो. कोयनेच्या बाजूला मोठा भूकंप झाला तर कोल्हापुरात या दोघींमध्ये साधारण दहा सेकंदांचं अंतर पडेल, वारणेच्या बाजूला झाला तर सहा-सात. केंद्र अगदी पायाखाली असेल तर काहीच नाही. एवढेच सेकंद आपल्या हातात असतात आणि "काय वाजतंय रे?" असं एकमेकांना विचारण्यात ते जातात. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: भांडी आपोआप वाजली की विचारायचं नाही, आडोसा धरायचा. ट्रक गेला असेल तर गेला असेल.

आडोसा कुठला, हे घर कसलं आहे यावर ठरतं. सगळ्यांना एकच सूचना देऊन भागत नाही.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत, मग ती ताराबाई पार्कातली असो की कळंब्याकडची, आहात तिथंच थांबा. गुडघ्यांवर खाली या, मजबूत टेबलाखाली शिरा, एका हातानं मान झाका आणि दुसऱ्या हातानं टेबलाचा पाय धरून ठेवा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकी-कपाटापासून लांब, गुडघ्यात डोकं घालून बसा. अंथरुणात असाल आणि वर काही नसेल, जे तुम्ही आधीच बघून ठेवलेलं आहे, तर अंथरुणातच पालथे पडा आणि उशी डोक्यावर-मानेवर दाबून धरा. अंधारात उठून पळणारा पडतो, काचेवर पाय देतो. जिन्याकडं तर जाऊच नका. जिन्याचा भाग इमारतीच्या बाकीच्या भागापेक्षा वेगळा हलतो आणि लवकर तुटतो. लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि पहिलं दार उघडेल तिथं बाहेर या.

दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला अजून ऐकू येतो. आजच्या घरांत चौकट भिंतीहून बळकट नसते आणि हलणारं दार बोटांवर आपटतं ते वेगळंच. तो सल्ला सोडून द्या.

पेठेतला जुना वाडा, पुढं अरुंद बोळ. इथं बाहेर पळण्याची ओढ सगळ्यांत जास्त आणि धोकाही. दोन्ही बाजूंची कौलं, सज्जे, कठड्याच्या विटा, वरच्या मजल्यावरच्या कुंड्या सगळं बोळातच पडणार. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अंजार गावी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी पोरं अरुंद गल्लीतनं चालली होती. दोन्हीकडची घरं त्यांच्यावर कोसळली. आपल्या पेठांतल्या बोळांतनं चालताना मला ती पोरं आठवतात. अशा घरात चांगला खांब आणि भक्कम पलंग किंवा मोठं लाकडी टेबल बघून ठेवा आणि त्याला धरून बसा. मागं परडं असेल, दोन-चार पावलांवर असेल आणि वर काही टांगलेलं नसेल, तरच तिकडं जा.

खेड्यातलं दगड-मातीचं एकमजली घर ही तिसरी जात आणि सगळ्यांत धोक्याची. किल्लारीत माणसं अशाच घरांत गेली. दोन-अडीच फूट जाड भिंत बाहेरून भरभक्कम दिसते, पण तिचे बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात आणि मध्ये नुसती माती-खडी. हादरा बसला की भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी ती दोन्हीकडं सुटते आणि वरचं मातीचं धाबं सरळ माणसांवर येतं. अशा घरात दार चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल, तर पहिल्या गुरगुरीलाच डोक्यावर उशी धरून बाहेर पडा, भिंतीच्या उंचीपेक्षा लांब जाऊन थांबा. आतल्या खोलीत असाल आणि बाहेर पोचायला वेळ लागणार असेल, तर पलंगाखाली किंवा धान्याच्या भक्कम कणगीशेजारी आडोसा घ्या. उन्हाळ्यात अंगणात झोपणारे आपले लोक या बाबतीत सुरक्षित; थंडी-पावसात निदान म्हाताऱ्यांची आणि पोरांची अंथरुणं दाराजवळच्या सोप्यात घाला.

ज्यांना खाली वाकता येत नाही, अशा आजी-आजोबांना आहेत तिथंच बसवा, डोक्यावर उशी किंवा जाड गोधडी द्या. चाकाची खुर्ची असेल तर चाकं लॉक करा आणि पुढं वाकून मान झाका. उचलून पळण्याचा प्रयत्न हादरा चालू असताना करू नका, दोघंही पडता.

रस्त्यावर असाल तर गाडी कडेला घ्या. होर्डिंग, विजेच्या तारा, जुनी कंपाउंड भिंत टाळून. शिवाजी पुलावर असाल तर बेतानं उतरून पुढं जा, पुलावर थांबू नका. अंबाबाईच्या दर्शनरांगेत किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत असाल तर मला पडझडीपेक्षा लोटालोटीची भीती जास्त वाटते. रेलिंगला धरून जागेवरच खाली बसा, पोराला पोटाशी घ्या, हादरा थांबला की पुढच्या माणसाला न ढकलता निघा.

घर घेताना, घर पाडताना

हे माझ्या धंद्याचं आहे म्हणून थोडं सविस्तर. भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकांत खाली नुसते खांब आणि पार्किंग होतं, वरच्या मजल्यांना मात्र भिंती. वरचा भाग ताठ, खालचा लेचापेचा. सगळा वाक खालच्या खांबांत येतो आणि ते मोडतात. कोल्हापुरात आज अशी पार्किंगवाली इमारत गल्लोगल्ली आहे. ती वाईटच असते असं नाही, पण खालचे खांब त्या हिशेबानं जाड आणि मजबूत केलेत का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. "स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण आणि भूकंपाचा भार धरलाय का," एवढं विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

काम चालू असलेल्या साईटवर गेलात तर खांबाच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बघा. रिंगेची दोन टोकं जिथं मिळतात तिथं ती कशी वाकवलीत ते महत्त्वाचं. नुसती काटकोनात दुमडून सोडली असतील, तर हादऱ्यात वरचं काँक्रीट फुटलं की रिंग उघडते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि स्लॅब खाली बसतो. टोक १३५ अंशांत वळवून खांबाच्या पोटात गेलेलं हवं. आयएस १३९२० या मानकात हे स्पष्ट आहे. बीमच्या वर-खाली रिंगा दाट हव्यात, एकमेकींपासून १०० मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. एका वितीत दोन रिंगांची फट सहज मोजता येते. सळई वाकवणाऱ्याला १३५ अंशाला थोडा जास्त वेळ आणि जोर लागतो, म्हणून कुणी बघत नसलं की काटकोन होतो. तुम्ही बघत राहा.

तयार घरात सगळ्यांत मोठं पाप म्हणजे तळमजल्याची भिंत किंवा खांब कापणं. एका ठिकाणी दुकानाचं दर्शन वाढवायला मालकानं खांबाचा कोपरा फोडून शटर बसवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. वर तीन बिऱ्हाडं राहत होती. तुमच्या इमारतीत असं काही होत असेल तर शेजारधर्म म्हणून गप्प बसू नका. सोसायटीत लेखी द्या, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी द्या.

गच्चीवर जाऊन या. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, ते विटांच्या सुट्या ठोकळ्यांवर ठेवलेलं असतं. सोलर वॉटर हीटरचा सांगाडा बहुतेक ठिकाणी नुसता टेकवलेला. दोन्ही स्लॅबला बोल्टनं पक्के करून घ्या. कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवा, कारण त्या तुमच्यावर पडणार नाहीत, खालून जाणाऱ्यावर पडतील.

खेड्यात दगडाचं घर नव्यानं बांधत असाल तर भिंतीत दर थोड्या अंतरावर दोन्ही थरांना धरणारा आरपार लांब दगड घाला, आणि दार-खिडकीच्या वरून सगळ्या भिंतींना गुंफणारा सळईचा सलग काँक्रीट पट्टा फिरवा. खर्च एकूण बांधकामाच्या मानानं थोडा, पण चारही भिंती एकत्र हलतात. जुन्या धाब्यावर दरवर्षी नवी माती टाकायची पद्धत असेल तर आधीची काढल्याशिवाय नवी टाकू नका.

थांबल्यानंतर

आधी चपला घाला. मग गॅसचा रेग्युलेटर, मग विजेचा मेन स्विच. गॅसचा वास येत असेल तर स्विचला हातही लावू नका, काडी ओढू नका, खिडक्या उघडून बाहेर पडा. पुढचे धक्के येणारच असं धरून चला. कोयनेनंतर ते कित्येक महिने येत होते. बाहेर पडायचं ते गल्लीतल्या ठरलेल्या मोकळ्या जागी. ती जागा आजच ठरवा, शाळेचं मैदान असेल, तालमीपुढचा चौक असेल तर आजूबाजूच्या भिंतींची उंची बघून ठरवा. फोन लागत नाहीत अशा वेळी एसएमएस जातो. बाहेरगावच्या एका नातेवाइकाला सगळ्यांनी खुशाली कळवायची, त्यानं बाकीच्यांना, असं ठरवलं की एकमेकांना शोधत कुणी पडक्या घरात शिरत नाही. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, अग्निशमनाला १०१, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. हे आकडे फोनमध्ये आहेतच, पण दाराच्या आतल्या बाजूलाही खडूनं लिहून ठेवा.

अडकलात तर ओरडून दम घालवू नका, धूळ छातीत जाते. तोंडावर पदर किंवा रुमाल धरा आणि शिट्टी वाजवा, नाहीतर पाइपावर, भिंतीवर तीन-तीन ठोके देत राहा.

"आज रात्री दोन वाजता पुन्हा होणार" असे मेसेज येतील. भूकंपाची वेळ आधी सांगणारं शास्त्र जगात कुणाकडं नाही. असला मेसेज पुढं पाठवू नका आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवू नका. झालेल्या धक्क्याची खरी माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या 'भूकंप' नावाच्या ॲपवर थोड्या वेळात येते.

घरात परत जाण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. गिलाव्याची केसाएवढी भेग चालते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतनं तिरपी गेलेली, फुलीच्या आकाराची, किंवा बोट शिरेल एवढी भेग चालत नाही. खांबाचं काँक्रीट सुटून सळई दिसत असेल तर आत पाऊल नको. शंकेच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरनं चिकटवा आणि पेन्सिलीनं तारीख लिहा. काच तडकली म्हणजे भिंत अजून सरकतेय. स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून जाईपर्यंत ती खोली बंद. पडलेलं सामान, फुटलेली कौलं, तडे हे सगळं आवरण्याआधी फोनमध्ये फोटो काढून ठेवा. पुरानंतर ज्यांनी पंचनामा करून घेतलाय त्यांना माहीत आहे, तलाठी येईपर्यंत घर झाडून स्वच्छ केलेलं असलं तर नुकसान दाखवायला काही उरत नाही.